अल्गोआ उपसागरातला सूर्यास्त

शनिवार, ४ ऑगस्ट २००७. सकाळी ९.४०
नवी वही. जुनी बायकोच्या, नीताच्या हाताला लागेल अशा जागी होती. ही ड्रिल मशीनच्या खोक्यात ठेवणार. या घरात ड्रिलला माझ्याशिवाय कोणी हात लावत नाही. मीही लावत नाही, पण तो वेगळा मुद्दा.

मुख्य बातमी. इथल्या मराठी मंडळाच्या सरितावहिनींचा फोन. गणपतीत २२ सप्टेंबरला सांस्कृतिक कार्यक्रम, त्यात माझं अर्ध्या तासाचं स्लाइड-व्याख्यान. विषय: पोर्ट एलिझाबेथ आणि परिसर. कोणीतरी कुठेतरी जाऊन यायचं आणि बाकीच्यांना अंधारात बसवून फोटो दाखवायचे, ही आपल्या लोकांची रीतच आहे. गेल्या वर्षी चंद्रशेखरचं नॉर्वे झालं. दोनशे दहा स्लाइड. शेवटच्या फियॉर्डपर्यंत बटाटेवडे गार झाले होते.

वहिनी म्हणाल्या, तुम्ही साउथ आफ्रिकेत खूप फिरलात असं नीता सांगत होती. नीता का सांगत होती? तिला कोणी विचारलं होतं? कुठेतरी पाणी मुरतंय.

हो म्हणालो.

रविवार, ५ ऑगस्ट
वस्तुस्थिती लिहून ठेवतो. इथे खोटं लिहायचं कारण नाही, कोणी वाचत नाही.

फेब्रुवारीत कंपनीने मला आणि कुमारला तीन आठवडे पोर्ट एलिझाबेथजवळच्या एका प्लांटवर पाठवलं. ब्रेकच्या टेस्ट बेंचचं काम. हॉटेल ते प्लांट कंपनीची गाडी, प्लांट ते हॉटेल तीच गाडी. प्रत्येक शनिवारी पहाटे कुमारने दार वाजवलं, समुद्रावर चल, हत्ती बघायला चल. मी झोपेचं सोंग घेतलं. एक माणूस दुसऱ्याला इतक्या आग्रहाने फिरायला का बोलावेल? काहीतरी हेतू असणार. हॉटेलच्या गेटवरचा वॉचमनसुद्धा रोज सकाळी विचारायचा, सर, आज तरी समुद्र बघणार ना? त्याला माझ्या प्रोग्रॅमशी काय करायचं होतं? खोली रिकामी कधी असते ते हवं असणार. मी खोली रिकामी ठेवलीच नाही.

खिडकीतून पार्किंग लॉट दिसायचा. पलीकडे दोन बिल्डिंगांच्या मधून समुद्राची एक पट्टीही होती, पण सकाळी तिकडूनच डोळ्यांवर ऊन यायचं, म्हणून पडदा लावलेला असायचा.

घरी रोज फोन करायचो. इराने (मुलगी, वय नऊ) एकदा विचारलं, काय पाहिलंस. टीव्हीवर हत्ती चालू होते. म्हटलं, हत्ती. किती जवळून? म्हटलं, सहा फुटांवरून. टीव्ही सहा फुटांवरच होता. तिने शाळेत सांगितलं, नीताने मंडळात सांगितलं. यात माझं खोटं कुठे आहे ते कोणी दाखवून द्यावं.

तांत्रिकदृष्ट्या मी हत्तींच्या अभयारण्यापासून सत्तर किलोमीटरवर एकवीस दिवस होतो. इथे जर्मनीत लोक सत्तर किलोमीटरवर रोज नोकरीला जातात.

निश्चय: लायब्ररीतून गाइडबुक. कुमारकडून फोटो. रोज सकाळी सहा ते पावणेसात अभ्यास. आणि कोणावरही विश्वास नाही.

मंगळवार, ७ ऑगस्ट
उठलो ७.५०. अभ्यास उद्यापासून.

लायब्ररीतून दोन जाडजूड गाइडबुकं आणली. काउंटरवरच्या बाईने विचारलं, सुट्टीला चाललात वाटतं? जा, म्हणजे जर्मनमध्ये हो, म्हणालो. मग वाटलं, ही उद्या नीताला सुपरमार्केटमध्ये भेटली तर? परत जाऊन नाइन, म्हणजे नाही, म्हणून आलो. आता ती मला लक्षात ठेवणार.

शुक्रवार, १० ऑगस्ट
अप्पा आले. नीताचे वडील, आत्माराम, वाईच्या शाळेत चौतीस वर्षं भूगोलाचे मास्तर होते. सात आठवडे राहणार.

बॅगेतून निघालं ते असं: गोडा मसाला, कुर्डया, इराला परकर-पोलकं, आणि साडेतीन किलोचा अ‍ॅटलास. अ‍ॅटलास बसावा म्हणून मेतकूट काढून ठेवलं म्हणे. मुलीकडे येताना मेतकूट काढून अ‍ॅटलास आणणारा माणूस साधा नसतो.

जेवताना पहिला प्रश्न मलाच. प्रतापराव, तुम्ही तर दक्षिण गोलार्धात राहून आलात, भर दुपारी सावली कोणत्या बाजूला पडायची? मी म्हणालो, खाली. अप्पा खूप हसले. मग खिशातून तपकिरी वही काढून काहीतरी लिहिलं. काय लिहिलं?

रविवार, १२ ऑगस्ट
अप्पांनी इराला अ‍ॅटलास दाखवला. ती मराठी समजते पण उत्तर जर्मनमध्ये देते, अप्पांना जर्मन येत नाही, तरी दोघं दोन तास नकाशावर पालथे पडून होते. मी दारामागे उभा राहून ऐकलं.

अप्पांनी १९७९ साली शाळेच्या व्हरांड्यात, भिंतीवर, स्वतःच्या हाताने आफ्रिकेचा नकाशा रंगवलाय. पूर्व किनाऱ्याच्या बंदरांपाशी उगवते सूर्य, पश्चिम किनाऱ्याच्या बंदरांपाशी मावळते. म्हणजे पोरांना दिशा पाठ कराव्या लागत नाहीत. दर दोन वर्षांनी दिवाळीच्या सुट्टीत जाऊन अजून रंगाचा हात मारतात. रिटायर होऊन अकरा वर्षं झाली तरी. स्वतः मात्र या जर्मनीच्या विमानाआधी हैदराबादच्या पलीकडे गेले नव्हते.

एवढी माहिती मला ऐकू येईल अशा आवाजात का सांगितली?

गुरुवार, १६ ऑगस्ट
कुमारची सीडी पोस्टाने आली. तो आता कोलोनला असतो. १८३ फोटो. त्यातल्या १६१ मध्ये कुमार, हिरव्या विंडचीटरमध्ये. सोबत चिठ्ठी, की हवे तेवढे वापर, पुढच्या वेळी नक्की चल रे. बदल्यात काहीच मागितलेलं नाही. हे सगळ्यात संशयास्पद.

ऑफिसमध्ये लंच टाइमला कुमारला कापायला बसलो. पेंग्विनांतून कापला. दीपगृहातून कापला. पण त्याला खांद्यावर हात टाकायची सवय आहे, दीपगृहाच्या, तोफेच्या, बाकाच्या. बाही राहतेच.

सोमवार, २० ऑगस्ट
उठलो ७.४०, पण काल रात्री झोपण्याआधी दोन पानं वाचली होती, ती धरली तर अभ्यास झाला.

गाइडबुकातली एक गोष्ट आवडली. शहराच्या टेकडीवर एक दगडी पिरॅमिड आहे. तिथल्या इंग्रज अधिकाऱ्याने बायकोच्या आठवणीत बांधला आणि तिचंच नाव शहराला दिलं. बाई त्याआधी दोन वर्षं हिंदुस्थानात, मेरठला वारली होती. म्हणजे जिच्या नावाने ते शहर ओळखलं जातं, तिने ते पाहिलेलंच नाही. यावरून कोणाला काही शिकायचं असेल तर शिकावं. प्रत्यक्ष जाण्याला लोक फाजील महत्त्व देतात.

अप्पांना चहाच्या वेळी ही गोष्ट सांगितली. अप्पांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, तुम्ही त्या पिरॅमिडला हात लावलात का? लावला, म्हणालो. दगड गरम होता का गार? म्हणालो, कोमट. लिहून घेतलं.

शुक्रवार, २४ ऑगस्ट
आज सापडला. हिरा.

फोटो नंबर ९७. कुमार नाही, कुमारची बाहीही नाही. नुसता समुद्र आणि त्यात अर्धा बुडालेला लालबुंद गोळा. कोपऱ्यात कॅमेऱ्याने वेळ छापलीय, ६:२२. संध्याकाळचे सहा बावीस. सूर्यास्त.

सूर्यास्ताशिवाय प्रवासवर्णन म्हणजे वरणाशिवाय भात. लहानपणी दर मे महिन्यात गुहागरला आत्याकडे जायचो, रोज संध्याकाळी सूर्य समुद्रात बुडताना पाहिलाय. समुद्र म्हटला की सूर्य त्यातच जाणार, दुसरीकडे कुठे जाईल? ही स्लाइड शेवटची. मजकूर पाऊण पान झाला. "दिवसभर भटकून थकलेला मी त्या वाळूवर बसलो आणि हळूहळू भास्कराने अल्गोआच्या उपसागरात स्वतःला झोकून दिलं." दोनदा मोठ्याने वाचलं. दुसऱ्यांदा उभं राहून.

संध्याकाळी अप्पांना वाचून दाखवलं. अप्पांनी अ‍ॅटलास उघडला. मग एकच विचारलं, समुद्रात? म्हटलं, समुद्रात. नक्की? म्हटलं, अप्पा, मी तिथे बसलो होतो. अप्पा उठले. अ‍ॅटलास घेऊन आत गेले.

रविवार, २ सप्टेंबर
जिना झाडायची पाळी, केअरवोखं, या आठवड्यात आमची. मी खाली उतरेपर्यंत अप्पांनी तिन्ही मजले झाडून पुसून घेतले होते. खालच्या आजीबाईंनी मला थांबवून सांगितलं, की चार वर्षांत जिना पहिल्यांदा स्वच्छ दिसतोय. अप्पांनी हे मुद्दाम केलं का, ते ठरवता येत नाही.

अप्पा जिन्यात असताना त्यांची तपकिरी वही टेबलावर होती. डाव्या हाताने उघडली, म्हणजे प्रश्न आला तर उजव्या हाताने पेपर वाचत होतो म्हणता येईल. एकच पान दिसलं. "प्र. रा. म्हणतात, पिरॅमिडचा दगड कोमट. प्र. रा. म्हणतात, हत्ती सहा फुटांवर, कान फडफडले की गाडीत वारा येई. प्र. रा. म्हणतात," आणि तेवढ्यात बादली वाजली.

हे आरोपपत्र आहे. प्रत्येक ओळीला तारीख आहे. हा माणूस पुरावा गोळा करतोय, आणि २२ तारखेला भर सभेत उभा राहून मला उघडा पाडणार. म्हणूनच अ‍ॅटलास. म्हणूनच मेतकूट मागे.

नीताला नुसतं चाचपून पाहिलं, अप्पा काही बोलतात का माझ्याबद्दल. ती म्हणाली, चोराच्या मनात चांदणं. तिने हीच म्हण का निवडली?

रविवार, ९ सप्टेंबर
रंगीत तालीम. हॉलमध्ये पडदे ओढले. प्रोजेक्टर मंडळाकडून २२ लाच मिळणार, म्हणून लॅपटॉपवर. बटण दाबायला इरा.

बत्तीस मिनिटं. छान झालं. अप्पा समोर बसून लिहीत होते, मी मुद्दाम भराभर बोलून त्यांना मागे टाकायचा प्रयत्न केला. संपल्यावर इरा म्हणाली, अर्थात जर्मनमध्ये, की पपा, हत्तीची स्लाइड काढली तर? मी विचारलं, का? म्हणाली, असंच. असंच काही नसतं. अप्पांनी पढवलंय. पण अप्पांना जर्मन येत नाही आणि ती मराठीत बोलत नाही. मग कसं पढवलं? अ‍ॅटलासमधून?

हत्ती ठेवला. आता काढला तर कबुली दिल्यासारखं होईल.

शनिवार, १५ सप्टेंबर. गणेश चतुर्थी
मूर्ती बसवली. मनातल्या मनात म्हटलं, बाप्पा, २२ तारीख पार पाड, नंतर सगळ्यांना सगळं सांगून टाकतो. पुढच्या वर्षी खरंच जाऊन येतो. रोज सहाला उठतो. बाप्पाकडे पाहिलं तर चेहरा नेहमीचाच. अप्पा शेजारी उभे राहून माझ्यापेक्षा बराच वेळ हात जोडून होते. त्यांनी काय मागितलं असेल?

रविवार, २३ सप्टेंबर. सकाळी १०
कालचा वृत्तांत सविस्तर.

हॉल भरलेला. सत्तर-पंचाहत्तर माणसं. अप्पा पहिल्या रांगेत, मांडीवर अ‍ॅटलास.

सुरुवात उत्तम. पिरॅमिडची गोष्ट सांगितल्यावर दोन बायकांनी डोळे पुसले. अभयारण्याच्या रस्त्यावर शेणकिड्यांना वाट द्यावी लागते, गाडी थांबवून, हे सांगितल्यावर हशा. मागून कोणीतरी विचारलं, सगळ्या फोटोंत तो हिरवा हात कोणाचा? म्हणालो, लोकल गाइडचा. हत्ती झाला. इरा बटण दाबताना माझ्याकडे बघत नव्हती.

शेवटी सूर्यास्त. भास्कराने स्वतःला झोकून दिलं. दिवे लागले. टाळ्या.

आणि चंद्रशेखर उभा राहिला. नॉर्वेवाला. म्हणाला, एक शंका आहे. तो उपसागर पूर्वेकडे उघडतो ना? तिथे सूर्य समुद्रातून उगवेल. समुद्रात मावळेल कसा?

मला गुहागर आठवलं. पश्चिम किनारा. मग ६:२२ आठवलं. सकाळचेही सहा बावीस असतात, हे माझ्या लक्षात स्टेजवर उभं असताना आलं. हाच तो क्षण, कारण अप्पा अ‍ॅटलास घेऊन उठले होते.

अप्पा लोकांकडे तोंड करून बोलले. म्हणाले, मीही चौतीस वर्षं पोरांना हेच शिकवलं, की तिथे सूर्य समुद्रातून उगवतो. हा नकाशा पाहून शिकवलं. पण मी तिथे गेलेलो नाही, तुम्हीही गेलेला नाहीत. आमचे जावई त्या वाळूवर बसून आले आहेत. किनाऱ्याला कुठे वळण असेल, खडक पुढे आला असेल, नकाशात सगळं थोडंच मावतं. पुस्तक आणि डोळे यांत फरक पडला तर डोळ्यांचं ऐकावं, हेही मी पोरांना शिकवलंय.

टाळ्या. माझ्यापेक्षा जास्त. चंद्रशेखर बसला. वडे गरम होते.

थोडक्यात, कार्यक्रम यशस्वी. अप्पांनी बाजू घेतली. यामागे त्यांचा काय डाव आहे ते अजून कळलेलं नाही.

सोमवार, २४ सप्टेंबर
विचार केला. डाव सापडत नाही.

अप्पांनी अ‍ॅटलास कपाटावर ठेवून दिलाय. इराने खाली काढला तर म्हणाले, राहू दे बाळ.

बुधवार, २६ सप्टेंबर
काल संध्याकाळी अप्पांनी एक पाकीट दिलं, उद्या ऑफिसला जाताना पोस्टात टाका म्हणाले. वाईच्या शाळेच्या हेडमास्तरांच्या नावाने. पाकीट उघडंच होतं. तुम्ही इंग्रजी पत्ता तपासून मग चिकटवा, म्हणाले. उघडं पाकीट माझ्या हातात. हा सापळाच. आज सकाळी एस-बानमध्ये, लोकलमध्ये, वाचलं.

"स. न. वि. वि. व्हरांड्यातील आफ्रिकेच्या नकाशात पोर्ट एलिझाबेथपाशी मी उगवता सूर्य रंगवला आहे. तो चुकीचा असल्याचे प्रत्यक्षदर्शी माहितीवरून कळले. कृपया तो पुसून घ्यावा. येत्या दिवाळीत मी स्वतः येऊन मावळता रंगवीन, परंतु तोपर्यंत मुलांनी चुकीचे पाहू नये. चौतीस तुकड्यांना हे शिकवले याची मला लाज वाटते. त्या सर्वांना कळवणे आता शक्य नाही. सोबत माझ्या जावयांनी दिलेली माहिती वहीतून उतरवून पाठवत आहे, भूगोल मंडळात वाचून दाखवावी. आपला, आत्माराम."

सोबत सहा पानं. प्र. रा. म्हणतात, प्र. रा. म्हणतात. प्रत्येक ओळीला तारीख. एकाही ओळीपुढे प्रश्नचिन्ह नाही. दुसऱ्या पानावर मध्येच एक ओळ होती: "माझी समजूत, किनारा पूर्वाभिमुख. चूक." चूकच्या खाली दोन रेघा.

हे आरोपपत्र नव्हतं. सहाही पानं पुन्हा नीट पाहिली, कुठेच नव्हतं.

माझा स्टॉप मागे राहिला. पत्र टाकलं नाही. ड्रिलच्या खोक्यात ठेवलंय.

गुरुवार, २७ सप्टेंबर
आज सांगणार होतो. सकाळी चहाच्या वेळी. अप्पा आंघोळीला गेले. आले तेव्हा चहा संपला होता. चहाशिवाय असलं बोलणं बरं दिसत नाही.

संध्याकाळी विचारलं त्यांनी, पत्र टाकलंत ना? गेनाऊ, म्हणजे अगदी बरोबर, म्हणालो. जर्मनमध्ये म्हटलं की तितकंसं खोटं वाटत नाही.

शुक्रवार, २८ सप्टेंबर
पाऊस. अप्पांना पावसात सर्दी होते. सर्दी झालेल्या माणसाला धक्का देऊ नये. (अप्पांना सर्दी झालेली नाही. पण होऊ शकते.)

नीताने विचारलं, तुझं तोंड का उतरलंय? म्हटलं, टेस्ट बेंच. ती म्हणाली, बघ बाबा. म्हणजे काय, बघ बाबा? तिला माहीत आहे. किंवा नाही.

शनिवार, २९ सप्टेंबर
बॅग भरली. अप्पा अ‍ॅटलास इथेच ठेवून चाललेत, इरासाठी. जागा उरली म्हणून नीताने चॉकलेटं भरली. अप्पा म्हणाले, चुका दुरुस्त केलेला एखादा नवा अ‍ॅटलास तुमच्याकडे मिळत असेल तर तो मात्र तिला घेऊन द्या.

निश्चय: उद्या विमानतळावर. नक्की. या वहीला साक्ष ठेवून.

रविवार, ३० सप्टेंबर. दुपारी २.१५
विमानतळावरून आत्ता आलो. झालं तसं लिहितो.

नीता गाडी लावायला गेली होती. मी, इरा आणि अप्पा, बॅगेचं वजन होऊन सिक्युरिटीच्या अलीकडे बाकावर. मी खिशातून पत्र काढून त्यांच्या हातात ठेवलं. म्हणालो, टाकलं नाही. अप्पांनी पाकिटाकडे पाहिलं आणि विचारलं, तिकीट कमी पडलं का? मी म्हणालो, नाही. म्हणालो, अप्पा, तो फोटो सकाळचा आहे. आणि माझा नाही, कुमारचा आहे. मी त्या वाळूवर बसलो नव्हतो. तुम्ही शिकवलं तेच बरोबर होतं.

मला वाटलं, आता चिडतील. चिडले असते तर बरं झालं असतं. अप्पांनी डोळे मिटले आणि मोठा श्वास सोडला. एवढंच म्हणाले, की म्हणजे पोरांना बरोबर शिकवलं मी. दोनदा म्हणाले. मग चष्मा पुसला.

मग वही काढली. "चूक" वर काट मारली. मग पहिल्या पानापासून एकेक विचारत गेले, शांतपणे, हजेरी घेतात तसे. पिरॅमिड? नाही, म्हणालो. म्हणजे दगड कोमट नव्हता? माहीत नाही. काट. पेंग्विन? नाही. काट. दीपगृह? काट. वारा? खिडकी बंद असायची. काट.

हत्ती?

इरा शेजारी उभी होती. मी म्हणालो, हत्ती पाहिला. लहान मुलीसमोर बापाने काय म्हणावं, त्याला काही मर्यादा असतात. अप्पांनी पेन उचललं. तेव्हा इरा बोलली, आणि मराठीत बोलली. म्हणाली, आजोबा, हत्ती टीव्हीत होता. फोनमध्ये मागे इंग्लिश माणूस बोलायचा आणि म्युझिक यायचं. या वर्षातलं तिचं हे सगळ्यात मोठं मराठी वाक्य. मी विचारलं, तुला तेव्हाच कळलं होतं? जा, म्हणजे हो, म्हणाली. मग कोणाला बोलली का नाहीस? म्हणाली, तू खूप खूश होतास.

अप्पांनी हत्तीवर काट मारली.

वहीत आता सहा पानं काट मारलेली. अप्पांनी नवीन पान उघडलं, वर माझं पूर्ण नाव लिहिलं, आणि विचारलं, प्रतापराव, मग तीन आठवड्यांत तुम्ही स्वतः काय पाहिलंत तेवढं सांगा. लायब्ररीतलं नको, मित्राचं नको. मी बराच वेळ आठवत राहिलो. सांगितलं, की गेटवर एक वॉचमन होता, रोज विचारायचा, आज तरी समुद्र बघणार ना. त्याचं नाव? विचारलं नाही, म्हणालो. लिहून घेतलं. पार्किंग लॉट. लिहून घेतलं. दोन बिल्डिंगांच्या मधून समुद्राची पट्टी दिसायची, पण सकाळी तिकडून डोळ्यांवर ऊन यायचं म्हणून मी पडदा लावून घ्यायचो.

अप्पांचं पेन थांबलं. त्यांनी पुन्हा विचारलं, सकाळी? समुद्राच्या बाजूने? हो, म्हणालो. अप्पा माझ्याकडे कितीतरी वेळ बघत राहिले. रागाने नाही. नापास झालेल्या पोराच्या पेपरात एक उत्तर बरोबर निघालं की मास्तर बघतात तसे. मग म्हणाले, म्हणजे रोज खिडकीत येत होता की तो. तुम्ही पडदा लावलात.

तेही लिहिलं. खाली रेघ मारली, वही मिटली. इराच्या डोक्यावर हात ठेवला, माझ्या खांद्यावर ठेवला, आणि रांगेत गेले.

साडेचार ओळी झाल्या. तीन आठवड्यांच्या. आणि अप्पांचं अक्षर मोठं आहे.